वाचकांचे प्रश्न : मेजर, मायनर आणि 'पुढं काय?'

बारावीच्या निकालानंतर आलेल्या पत्रांपैकी लिबरल आर्ट्‌स, मेजर-मायनर आणि चार वर्षांची पदवी यांबद्दलची पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : पोरीला बारावी कला शाखेत ७८ टक्के पडले. तिला पुण्याला जाऊन 'लिबरल आर्ट्‌स' करायचं आहे. पाहुणेरावळे म्हणतात, हे साधं बी.ए.च की, मग एवढी फी कशाला? आणि पुढं काय होणार हिचं? आम्हाला उत्तर देता येत नाही. (एक पालक, गेवराई, जि. बीड)

उत्तर : पाहुण्यांचे निम्मे बरोबर आहे. हातात पडणारी पदवी बहुतेक ठिकाणी बी.ए. किंवा बी.एस्सी.च असते. फरक आखणीत आहे. एक विषय खोलवर, म्हणजे मेजर. दुसरा त्याच्या जोडीला, म्हणजे मायनर. आणि उरलेला ठरावीक हिस्सा वेगळ्याच विद्याशाखेतून. इतिहासवाल्याने थोडे संख्याशास्त्र शिकायचे, मानसशास्त्रवालीने थोडे पर्यावरण. पुण्यात सिम्बायोसिसचे यासाठीचे स्वतंत्र महाविद्यालय २०११ पासून आहे, फ्लेम विद्यापीठ आहे. बाहेर बंगळुरूचे अझीम प्रेमजी, सोनीपतचे अशोका. ही खासगी किंवा अभिमत विद्यापीठे आहेत. माध्यम इंग्रजी आणि फी वर्षाला लाखांत.

पाहुण्यांना माहीत नसलेली निम्मी गोष्ट अशी की, हाच सांगाडा आता गेवराई-बीडच्या महाविद्यालयांतही आला आहे. तो राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चा. त्यानुसार महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून नवी रचना सुरू केली. हिशोब श्रेयांकांचा असतो. वर्गातले १५ तास म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकार्य असेल तर ३० तासांना एक. सत्राला २० ते २२ श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. मेजर आणि मायनर सोडून यात ओपन इलेक्टिव्ह (मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा विषय), कौशल्याचे पेपर, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, समाजसंपर्काचे काम आणि ऑन जॉब ट्रेनिंग येते.

मग लाखांची फी कशाची? वर्ग लहान असतो, वाचून घेतात, लिहून घेतात, आणि लिहिलेले तपासून शेरे मारून परत देतात, याची. म्हणून कुठल्याही महाविद्यालयात चौकशीला गेलात की एकच प्रश्न आधी विचारा : एका सत्रात विद्यार्थिनी स्वतःच्या शब्दांत किती निबंध लिहिते, आणि ते शेऱ्यांसह परत मिळतात का? उत्तर गुळमुळीत आले तर माहितीपत्रक कितीही गुळगुळीत असो, तिथे साधे बी.ए.च महाग विकत घेता आहात असे समजा. आणि हेच काम गावातले एखादे महाविद्यालय मन लावून करत असेल तर पुण्याचा अट्टहास नको.

'पुढं काय' याचे उत्तर मेजरवर अवलंबून आहे. 'बी.ए. कशात?' या प्रश्नाला तिला एका शब्दात उत्तर देता आले पाहिजे आणि तो शब्द गुणपत्रिकेवर छापलेला असला पाहिजे. नुसते 'लिबरल आर्ट्‌स' असे छापणारा आणि मेजर कुठेच न दाखवणारा अभ्यासक्रम असेल तर शंभरदा विचार करा. कारण खाली एका उत्तरात दिले आहे.

प्रश्न : मी इथल्याच महाविद्यालयात बी.ए.ला प्रवेश घेतोय. विषय कसे जोडू? मित्र म्हणतात, गुण कुठं जास्त पडतात ते बघ. (एक विद्यार्थी, सेलू, जि. परभणी)

उत्तर : मित्रांचा सल्ला जुन्या पद्धतीला चालून गेला असता. आता जोडी ठरवताना एवढे बघ की एका विषयातून प्रश्न मिळावेत आणि दुसऱ्यातून ते सोडवायचे हत्यार.

अर्थशास्त्राला संख्याशास्त्र किंवा गणित. नावाजलेल्या संस्थांत एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रवेश परीक्षेत गणित असतेच, आणि तिथे आपल्याकडची पोरे अडतात ती अर्थशास्त्रामुळे नव्हे. भूगोलाला संगणक, क्यूजीआयएस हे नकाशे करायचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. इतिहासाला उर्दू. ही जोडी मराठवाड्यात सगळ्यात कमी घेतली जाते आणि इथेच तिची किंमत सगळ्यात जास्त आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, कारभाराची भाषा उर्दू होती. तेव्हाचे महसुली कागद वाचणारे हात आज बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किती धावाधाव करावी लागली ते सगळ्यांनी पाहिले. सोबत मोडीचा एखादा छोटा वर्ग केलास तर उत्तम.

राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन ही लोकप्रिय जोडी मात्र आम्हाला फसवी वाटते. दोन्हींतला बराच भाग एकमेकांवर चढतो. गुण पडतात, पण नवीन काही हाताला लागत नाही.

आता कागदोपत्री भाग. ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. मायनर त्याच शाखेतला चालतो किंवा दुसऱ्याही. पुष्कळ महाविद्यालयांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने असतात आणि मेजर दुसऱ्या वर्षी ठरतो. काही ठिकाणी तो पहिल्याच सत्रात ठरतो. अर्ज भरायच्या आधी हे विचार, कारण मध्येच मायनर बदलला की श्रेयांक कमी पडतात आणि ती तूट शेवटच्या वर्षी कळते.

माहितीपत्रकातली विषयांची यादी लांबलचक असते. प्रत्यक्षात महाविद्यालय तेच विषय चालवते ज्यांना शिकवणारे माणूस आहे. म्हणून गेल्या वर्षीचे वेळापत्रक मागून घे. त्यात जे विषय आहेत ते खरे. मेजर आणि मायनरचे तास एकाच वेळी तर नाहीत ना, तेही तिथेच कळेल. मेजरला कायमस्वरूपी प्राध्यापक आहेत की सगळे तासिका तत्त्वावर, हेही विचार. तासिका तत्त्वावरचे शिक्षक कमी प्रतीचे असतात असे मुळीच नाही. पण नेमणुका उशिरा झाल्या की पहिल्या सत्राचे महिने कोरडे जातात.

हवा तो विषय नसेल तर स्वयम् या सरकारी संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम आहेत. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून घेता येतात. फक्त आधी महाविद्यालयाची लेखी मान्यता घे. आधी कोर्स करून मग प्रमाणपत्र घेऊन गेलेल्यांचे श्रेयांक हमखास अडकतात. आणि व्हिडिओ पाहून संपवलेला कोर्स धरत नाहीत. केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते.

प्रश्न : दोन वर्षं लातूरला नीटची तयारी केली. आता त्यात मन नाही. सायन्सवरून असं बी.ए. करता येईल का? गॅपचं काय? (एक विद्यार्थिनी, अहमदपूर)

उत्तर : येईल. बारावी कुठल्याही शाखेची चालते. गॅपसाठी बहुतेक महाविद्यालये प्रतिज्ञापत्र मागतात. त्यात नेमकी वर्षे आणि त्या काळात दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता, एवढे लिहायचे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला क्लासमध्ये किंवा जुन्या कॉलेजात अडकला असेल तर तो आधी सोडवून आण, बाकीचे नंतर.

जीवशास्त्र टाकून देऊ नकोस. मानसशास्त्र, भूगोल, पर्यावरण यांना ते उपयोगी पडते. अडचण वेगळीच येईल. दोन वर्षे चार पर्यायांतून एक गोल काळा करायची सवय लागलेली असते आणि इथे चार पाने लिहायची असतात. पहिल्या सत्रात सायन्सची हुशार पोरे कमी गुण का घेतात, तर मुद्दे बरोबर असतात पण सुटे सुटे. रोज एका परिच्छेदाचा सराव कर : पहिल्या ओळीत स्वतःचे म्हणणे, पुढच्या तीन-चार ओळींत पुरावा, मग विरुद्ध बाजूचा एक मुद्दा आणि त्यावर तुझे उत्तर. दीडशे शब्द पुरेत. एखाद्या प्राध्यापकांना आठवड्यातून एकदा दाखव.

इंग्रजी लेख वाचताना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत भाषांतर करत बसू नकोस. सारांश, प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, तक्ते आणि निष्कर्ष, या क्रमाने वाच आणि लेखकाचे म्हणणे पाच ओळींत मराठीत लिही. त्या पाच ओळी जमल्या तरच मधली पाने उघड. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात, मराठीतलेही पुष्कळ आहेत.

प्रश्न : तुळजापूरच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत किंवा केंद्रीय विद्यापीठात जायचं तर काय करावं लागतं? निकालानंतर चौकशी केली तर सांगितलं, फॉर्म कधीच संपले. (दोन पत्रे, कळंब आणि परंडा)

उत्तर : दरवर्षी हेच होते. या संस्थांचे पदवीचे प्रवेश सीयूईटी-यूजी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात. तिचे अर्ज साधारण जानेवारी ते मार्चच्या दरम्यान भरले जातात, म्हणजे आपल्याकडे सगळे घर बोर्डाच्या परीक्षेत गुंतलेले असते तेव्हा. मे-जूनमध्ये परीक्षा. निकाल हातात आल्यावर हालचाल करायची ही सवय इथे चालत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांनी नोव्हेंबरपासूनच राष्ट्रीय परीक्षा यंत्रणेचे संकेतस्थळ बघत जावे.

२०२५ पासून जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. एका पेपरला ६० मिनिटे, ५० प्रश्न, सगळे अनिवार्य. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकले तर १ वजा. बारावीला नसलेला विषयही देता येतो. तेरा भाषांपैकी मराठी एक आहे, तेव्हा मराठीतून पेपर देण्यात काही कमीपणा नाही. मात्र पारिभाषिक शब्द इंग्रजीतलेही पाठ असू द्या, कारण प्रवेशानंतर वर्गातले शिकवणे आणि वाचन इंग्रजीतूनच असते. अर्ज भरतानाच ज्या संस्थांत जायचे त्यांचे माहितीपत्रक उघडून कोणते पेपर मागितले आहेत ते जुळवा. परीक्षा चांगली गेली पण नेमका लागणारा पेपरच घेतला नव्हता, ही चूक नंतर दुरुस्त होत नाही.

जातीच्या दाखल्यांबाबत नीट लक्ष द्या. केंद्रीय संस्थांत केंद्राची यादी आणि केंद्राच्याच नमुन्यातला दाखला लागतो. राज्यात भटक्या-विमुक्तांत मोडणाऱ्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून येतात. त्यांनी केंद्रीय नमुन्यातले ओबीसी नॉन-क्रिमिलेअर काढावे. एसईबीसीचे (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण राज्यापुरते आहे, केंद्रीय संस्थेत चालत नाही. अशा विद्यार्थ्याची जात केंद्राच्या कुठल्याच यादीत नसेल आणि उत्पन्न-मालमत्तेच्या अटी पूर्ण होत असतील तर केंद्रीय नमुन्यातले ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र काढता येते. सेतूमध्ये अर्ज करताना 'केंद्रीय नमुना' हे शब्द उच्चारून सांगा, नाहीतर राज्याचा दाखला हातात पडतो आणि जून निघून जातो.

प्रश्न : मेजर भूगोल, मायनर अर्थशास्त्र, दुसरं वर्ष. दोन श्रेयांकांचा फील्ड प्रोजेक्ट आहे. आम्ही तिघांनी 'मराठवाड्यातील पाणीटंचाई : एक अभ्यास' असा विषय घेतला. सर म्हणतात, विषय फार मोठा. लहान कसा करायचा? (एक विद्यार्थी, औसा तालुका)

उत्तर : सरांचे ऐका. दोन श्रेयांक म्हणजे ६० तास. त्यात आठ जिल्हे बसत नाहीत. अशा शीर्षकाखाली शेवटी इंटरनेटवरून उचललेली 'पाण्याचे महत्त्व' या विषयावरची चार पानेच बसतात.

एक गाव घ्या आणि एक प्रश्न. उदाहरणार्थ : १९९३ च्या भूकंपानंतर आजवर आपल्या गावात घेतलेल्या बोअरची खोली किती वाढली, आणि तो खर्च कोणी कुठून केला? या एका प्रश्नात भूगोल आहे, कर्जाचे अर्थशास्त्र आहे, कायदा आहे, आणि कोणाच्या शेतात बोअर आहे आणि कोण दुसऱ्याच्या बोअरवर पाणी भरते हेही आहे. विषय आपण ओढून आणायचे नसतात, प्रश्न नीट असेल तर तो ते मागून घेतो. म्हणूनच तिघांत काम वाटताना 'तू भूगोल कर, मी अर्थशास्त्र करतो' असे वाटू नका. मग तीन वेगळे अहवाल होतात आणि वर एक पिन. तिघांनीही गावात जायचे, तिघांनीही सगळी उत्तरे वाचायची, मग एकेका उपप्रश्नावर लिहायचे.

तासांचा अंदाज असा धरा : वाचनाला १०, गावात २५, तक्ते-नकाशाला १५, लिहायला १०. वाचनात जिल्हा गॅझेटियर, २०११ च्या जनगणनेतले गावाचे आकडे, महसूल मंडळाच्या पावसाची नोंद, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी एवढे पुरे. यंत्रणेच्या कार्यालयात महाविद्यालयाचे पत्र घेऊन जा, रिकाम्या हाताने नको.

तीस घरे घ्या. ती पारावर भेटलेल्या माणसांची नकोत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरांची यादी असते. २४० घरे असतील तर दर आठवे घर घ्यायचे. कुलूप दिसले तर पुढचे घर, पण कुलपाची नोंद वहीत हवीच. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली घरे बंद असतात, आणि तुमचा प्रोजेक्ट नेमका डिसेंबर ते मार्चमध्ये येतो. ती घरे गुपचूप वगळली तर अहवालात फक्त गावात राहू शकणाऱ्यांचे पाणी दिसेल.

आता विचारायचे काय. 'पाणी कमी झालं का हो?' असे विचाराल तर तीसच्या तीस जण हो म्हणतील आणि तक्ता वाया जाईल. प्रत्येक बोअरबद्दल वेगळे विचारा : कोणत्या साली घेतला, किती फूट, केसिंग किती फूट, किती इंची पाणी लागले, किती वर्षे चालला, आता चालू आहे का, पैसे कुठून आणले. शेवटच्या प्रश्नाला पर्याय आधी लिहून ठेवा : सोसायटी, बँक, सावकार, दागिने, पाहुण्यांकडून हातउसने, जनावर विकून. एकाहून जास्त खुणा चालतील.

साल कोणालाच नीट आठवत नाही. खुणेने विचारा. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, भूकंपाच्या आधी (३० सप्टेंबर १९९३), लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले त्या उन्हाळ्यात (२०१६), की लॉकडाऊनमध्ये (२०२०)? या खुणांच्या मधले गट करा आणि तक्ताही गटांचाच ठेवा. नेमके साल लिहून खोटी अचूकता आणू नका. किमान पाच बोअरची खोली गाडीवाल्याच्या बिलावरून पडताळा. बोलताना ४२० फुटांचा बोअर पाचशेचा सहज होतो.

'दोन इंची पाणी' हा आकडा बहुतेक वेळा नजरेने ठरवलेला असतो. त्याची सरासरी काढू नका. कोरडा, एक इंचाच्या आत, एक ते दोन, दोनच्या वर, असे चार कप्पे पुरे. खोलीसाठी सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) वापरा, कारण तिसांत एखादा नऊशे फुटांचा निघाला की सरासरी वर उडते. आणि खोली वाढली म्हणून पाणी वाढले असे दिसले नाही तर घाबरू नका, आकडे पुसू नका. आपल्याकडचा खडक काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. मधला घट्ट खडक पाणी धरत नाही. भेग लागली तर लागली, नाहीतर सहाशे फुटांवरही धूळच. ठिपक्यांचा आलेख विस्कटलेला आला तर तोच तुमचा निष्कर्ष आहे, आणि भूगोलाच्या परीक्षकाला तो सरळ रेषेपेक्षा जास्त आवडेल.

नावे आणि गट क्रमांक लिहू नका. राज्याचा २००९ चा भूजल कायदा ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींवर निर्बंध घालतो आणि गावात त्याहून खोल बोअर सर्रास आहेत. माणसे विश्वासाने खोली सांगतात. त्यांच्या नावासह तो कागद महाविद्यालयाच्या कपाटात पडून राहू नये. घर १, घर २ असे क्रमांक द्या, नावांची यादी वेगळी ठेवा आणि काम संपल्यावर फाडून टाका. मोबाइलवर बोलणे ध्वनिमुद्रित करायचे तर आधी विचारा.

अहवाल बारा ते पंधरा पानांचा. पहिल्या पानावर प्रश्न आणि त्याचे उत्तर, मग गाव, मग पद्धत, मग तक्ते आणि त्यांवरचे बोलणे, शेवटी कोरी प्रश्नावली. तोंडी परीक्षेत 'तीसच घरे का?' असे विचारतात. '६० तासांत एवढीच जमली, आणि ती अशी निवडली' हे सरळ उत्तर द्या.

प्रश्न : नातवाला मानसशास्त्र मेजर घ्यायचंय. पुढं बी.एड., एमपीएससी, वकिली या वाटा बंद तर होणार नाहीत ना? (निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई)

उत्तर : गुरुजी, स्पर्धा परीक्षांना मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठलीही पदवी चालते. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर, त्यांत एका वैकल्पिक विषयाचे दोन. मेजर आणि वैकल्पिक विषय एकच ठेवला तर तीन वर्षांचे वाचन वाया जात नाही, आणि मानसशास्त्र त्या यादीत आहे. तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमालाही कुठलीही पदवी चालते, खुल्या गटाला ४५ टक्के लागतात. एम.एस.डब्ल्यू., पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र यांनाही मेजरची आडकाठी नाही.

खरी अडचण बी.एड.ची. प्रवेशाला खुल्या गटासाठी ५० टक्के लागतात हा भाग सोपा आहे. पण अध्यापन पद्धतीचा विषय शाळेत शिकवला जाणारा लागतो आणि पुढे शिक्षक भरतीतही पदवीचा विषय बघतात. मानसशास्त्र मेजर आणि लोकप्रशासन मायनर घेऊन बसलेला मुलगा तिथे अडकतो. मायनर मराठी, इंग्रजी, हिंदी, इतिहास किंवा भूगोल ठेवला तर वाट उघडी राहते. एम.ए.चेही तसेच. नामवंत विभाग त्या विषयाचे पदवीला किती श्रेयांक होते ते विचारतात. गुणपत्रिकेवर मेजर स्पष्ट छापलेला हवा असे गेवराईच्या पालकांना लिहिले ते यासाठी.

प्रश्न : तीन वर्षांत थांबावं की चौथं करावं? (अनेक पत्रे)

उत्तर : नोकरी, स्पर्धा परीक्षा, बी.एड. डोक्यात असेल तर तीन. संशोधन किंवा प्राध्यापकीचा विचार असेल तर चौथे, कारण त्यानंतर एम.ए. एका वर्षाचे होते, आणि चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) आणि पीएच.डी.चा रस्ताही खुला होतो. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के नसतील तर 'ऑनर्स विथ रिसर्च' मिळत नाही, साधे ऑनर्स मिळते. महाविद्यालयात त्या विषयाचे चौथे वर्ष चालते का, हे मात्र पहिल्याच वर्षी विचारून ठेवा.

पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर प्रमाणपत्र वा पदविका घेऊन थांबण्याची सोय आहे. त्यासाठी वर चार श्रेयांकांचे कौशल्याचे काम जास्त करावे लागते. ही सोय घरच्या अडचणीसाठी आहे; ती बघून प्रवेश घेऊ नये.

प्रश्न : शिष्यवृत्ती खासगी विद्यापीठात मिळते का? (एक शेतकरी पालक, मानवत)

उत्तर : राज्याच्या सगळ्या योजना खासगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू नाहीत. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळाच्या यादीत ते महाविद्यालय आणि नेमका तो अभ्यासक्रम, दोन्ही दिसतात का, हे फी भरण्याआधी बघा. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेची उत्पन्न मर्यादा ८ लाख आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलचाच लागतो. पैसे अडकतात ते बहुधा बँक खात्यामुळे : रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात येत नाही, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, आणि ते खाते कुठले हे घरात कोणाच्या लक्षात नसते.

अझीम प्रेमजी आणि अशोका या दोन्ही ठिकाणी घरच्या उत्पन्नानुसार फीमध्ये सवलत मिळते, पण तिचा अर्ज आणि कागदपत्रे वेगळी, मुदतही वेगळी. कर्जच काढायचे तर नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना आहे. यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळते. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. संस्था यादीत आहे का, हे बँकेत जाण्याआधी तपासा.

प्रश्न : एबीसी आयडी (श्रेयांक जमा होतात त्या बँकेचा क्रमांक) काढला, पण श्रेयांक दिसत नाहीत. (विद्यार्थी, वसमत)

उत्तर : नाव जुळत नसणार. आयडी डिजिलॉकरमधून आधारवरच्या नावाने निघतो आणि महाविद्यालयाने दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव कळवलेले असते. आडनाव आधी की शेवटी, वडिलांचे नाव पूर्ण की आद्याक्षर, एवढ्यावरही अडते. आधार दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे दुरुस्त करून घे, मग महाविद्यालयातल्या परीक्षा विभागात बारा अंकी क्रमांक पुन्हा नोंदवून पोच घे. दोन आयडी निघाले असतील तर कुठला चालू ठेवायचा तेही तिथेच लेखी सांग. जमा झालेले श्रेयांक सात वर्षे टिकतात, पण महाविद्यालय बदलायचा विचार असेल तर ही दुरुस्ती या सत्राच्या परीक्षा अर्जाआधी उरकलेली बरी.